अंगण खरेच वाकडे असेल तर?



'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण आपल्या शाळेत इयत्ता चौथीपासून पाठ असते. मीही ती वर्गात आणि स्टाफरूममध्ये पुष्कळदा वापरली आहे. पेपर अवघड होता, पंखा बंद होता, पेन अडकत होते, अशी कारणे घेऊन कोणी आले की ही म्हण ऐकवायची आणि विषय संपवायचा. पण गेल्या जानेवारीत एका आजींनी मला निरुत्तर केले, आणि तेव्हापासून ही म्हण तोंडी आणताना मी थोडी थांबते. प्रसंग क्रिकेटचा आहे.

आपल्या आंतरसदन सामन्यांतून दरवर्षी शाळेचा संघ निवडला जातो. यंदा पहिला सामना सकाळी आठ वाजता होता. ग्वाल्हेरच्या जानेवारीतले आठ म्हणजे काय, हे सांगायला नको. कोहरा इतका की कडुलिंबाचे झाड व्हरांड्यातून दिसत नव्हते. मैदानावरचे गवत ओले, चेंडू ओला, मुलांची बोटे गारठलेली. दोन्ही सदनांच्या मिळून ११९ धावा झाल्या आणि १७ गडी बाद झाले. त्यात नववीच्या एका मुलाने २७ धावा काढल्या. दुसरा सामना दोन दिवसांनी, दुपारी बारा वाजता, छान उन्हात झाला. त्यात मिळून २७९ धावा झाल्या आणि फक्त ९ गडी बाद झाले. तिथे एका मुलाच्या ५८ धावा झाल्या. निवड समितीने धावांची उतरती यादी केली. ५८ वाला संघात आला, २७ वाला राहिला. यादीवर सही माझी होती.

चार दिवसांनी त्या मुलाच्या आजी आल्या. भांडायला नाही, फी भरायला आल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, "बाई, कोहऱ्यात पोराला चेंडूच दिसत नव्हता, मग तुम्हाला त्याच्या धावा कशा दिसणार?" मी म्हण आठवून हसले. त्याही हसल्या आणि गेल्या. पण वाक्य मागे राहिले.

मी कधी बॅट धरली नाही. पण घरी दोघे भाऊ क्रिकेटवेडे, त्यामुळे रेडिओ ऐकत वहीत स्कोअर लिहिण्याचे काम लहानपणापासून माझ्याकडे. शिवाय माझी बी.एस्सी. फिजिक्सची, तीही हिंदी माध्यमातून. (म्हणूनच 'घनता' म्हणायच्या जागी माझ्या तोंडात अजून 'घनत्व' येते. मराठीचे गुरुजी सांभाळून घेतील.) तेव्हा आजींच्या वाक्याचा हिशोब करून पाहायचे मी ठरवले. हवा आणि मैदान यांचा फलंदाजीवर खरोखर किती परिणाम होतो? आणि होत असेल, तर धावा मोजणाऱ्याने काय करावे?

आधी हवा. मारलेल्या चेंडूला हवा अडवते. हवा जितकी दाट तितका अडथळा जास्त. तापलेली हवा पसरते आणि विरळ होते. ४५ अंश सेल्सिअसची हवा १० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ११ टक्के विरळ असते. दहावीच्या मुलांनी तापमान केल्विनमध्ये मांडून हा भागाकार स्वतः करून पाहावा. हे दोन्ही आकडे आपल्या ग्वाल्हेरचेच आहेत, एक मे महिन्यातल्या दुपारचा आणि एक जानेवारीतल्या सकाळचा. म्हणजे तोच मुलगा, तीच बॅट, तोच फटका. पण उन्हाळ्यात चेंडू दोरीपार जाईल आणि हिवाळ्यात दोरीच्या आत कोणाच्या तरी हातात पडेल.

आता एक गंमत. दमट हवा 'जड' असते आणि चेंडूला धरून ठेवते, असे आपण सगळेच म्हणतो. खरे उलट आहे. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, त्यामुळे दमट हवा किंचित विरळच असते. फरक फार थोडा असतो. पण ओलावा हवेत राहत नाही, तो चेंडूत आणि गवतात उतरतो. भिजलेला चेंडू जड होतो आणि त्याची उसळी मरते. ओल्या गवतावरून चेंडू पळत नाही. चार धावांचा फटका दोनवर थांबतो. आमच्या सकाळच्या सामन्यात नेमके हेच झाले. उलट, दिवस-रात्रीच्या सामन्यात दव पडले की त्रास गोलंदाजाला होतो. चेंडू हातातून निसटतो, फिरकीवाल्याला पकड मिळत नाही, आणि दुसऱ्यांदा फलंदाजी करणाऱ्याचे काम सोपे होते. म्हणून तर कर्णधार नाणेफेकीच्या आधी गवताला हात लावून पाहतात.

आता मैदान. क्रिकेटमध्ये खेळपट्टी २२ यार्डांची, हे जगभर ठरलेले. पण सीमारेषा ठरलेली नाही. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत ती किमान ६५ यार्डांवर आणि कमाल ९० यार्डांवर असावी, एवढाच नियम. मीटरमध्ये साधारण ५९ ते ८२. हा फरक लहान नाही. गोलाकार मैदान धरले आणि दोरी ६५ मीटरवरून ७५ मीटरवर नेली, तर क्षेत्रफळ एक तृतीयांशाने वाढते, कारण क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे वाढते. क्षेत्ररक्षक मात्र तितकेच. म्हणजे मोठ्या मैदानात षटकार अवघड होतो, पण मोकळ्या जागा वाढतात आणि दोन-तीन धावा पळून काढणाऱ्याचे फावते. लहान मैदान सगळ्यांनाच सोपे आणि मोठे सगळ्यांनाच अवघड, असे सरळ गणित नसते. कोणता फलंदाज कसा खेळतो, हेही पाहावे लागते.

उंचीचेही तसेच. धरमशालाचे मैदान समुद्रसपाटीपासून साडेचौदाशे मीटरच्या आसपास आहे. तिथली हवा उंचीमुळे समुद्रकाठच्या हवेपेक्षा सुमारे सहाव्या हिश्शाने विरळ. थंडीने तो फायदा थोडा कमी होतो, पण चेंडू लांब जातो तो जातोच. मुंबईत वानखेडे अगदी समुद्राजवळ. तिथे संध्याकाळी समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याकडे गोलंदाज डोळे लावून असतो. आपले ग्वाल्हेर दोनशे मीटरच्या आसपास, समुद्रापासून लांब, कोरडे, उन्हाळ्यात भाजणारे आणि हिवाळ्यात गोठणारे. एकाच वर्षात एवढे टोकाचे हवामान फार थोड्या शहरांच्या मैदानांना मिळते.

या बाबतीत अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांकडून शिकण्यासारखे आहे. त्या खेळात तळांमधले अंतर ९० फूट ठरलेले, पण मैदानाच्या टोकाची भिंत प्रत्येक शहरात निराळी. बोस्टनमध्ये १९१२ सालचे फेनवे पार्क आहे. तिथे डाव्या बाजूला मागे रस्ता असल्यामुळे जागाच नव्हती. भिंत फक्त ३१० फुटांवर आली. मग ती ३७ फूट उंच बांधली. आजही ती तशीच आहे आणि खेळाडू तिच्याप्रमाणे आपला खेळ बदलतात. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून एक मैल उंचीवर. तिथे १९९५ मध्ये कूर्स फील्ड हे मैदान झाले. विरळ हवेत चेंडू लांब जाणार हे माहीत असल्याने भिंती लांब ठेवल्या. झाले काय, की मैदान अवाढव्य झाले, क्षेत्ररक्षकांमधल्या मोकळ्या जागा वाढल्या आणि धावा आणखीच वाढल्या! शिवाय तिथल्या कोरड्या हवेत चेंडू वाळून जास्त उसळत. शेवटी २००२ पासून सामन्याचे चेंडू ओलावा राखणाऱ्या बंद खोलीत ठेवायला लागले.

पण मला त्यांची मुख्य गोष्ट आवडली ती हिशोबाची. एखाद्या मैदानाचा दोष किंवा उपकार किती, हे ते मोजतात. एका संघाच्या घरच्या मैदानावर दोन्ही संघांनी मिळून किती धावा केल्या, आणि त्याच संघाच्या बाहेरच्या सामन्यांत दोन्ही संघांनी मिळून किती केल्या, यांचा भागाकार करतात. घरी ८१ आणि बाहेर ८१ सामने असल्याने आकडा बऱ्यापैकी विश्वासाचा असतो. मग खेळाडूच्या धावा त्या आकड्याने तोलून पाहतात. म्हणजे अंगण वाकडे आहे की नाही, यावर ते वाद घालत बसत नाहीत. किती वाकडे, ते टेप लावून मोजतात.

हा हिशोब मी आपल्याच गावच्या सर्वांत प्रसिद्ध डावाला लावून पाहिला. २४ फेब्रुवारी २०१०, कॅप्टन रूपसिंग स्टेडियम. सचिन तेंडुलकरने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १४७ चेंडूंत नाबाद २०० धावा केल्या. पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधले ते पहिले द्विशतक. (मुलींनी हेही लक्षात ठेवावे, की महिलांमध्ये ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने हा पराक्रम १९९७ सालीच केला होता, नाबाद २२९, आणि तोही मुंबईत.) त्या दिवशी आपल्या गावात दिवाळी झाली. पण "मैदानच छोटे, खेळपट्टी पाटा" असे म्हणून नाक मुरडणारेही भेटले. आमच्या स्टाफरूममध्येसुद्धा होते.

अंगण सोपे होते का? होते. भारताच्या ५० षटकांत ३ बाद ४०१ धावा झाल्या, यातच सगळे आले. पण त्याच अंगणात त्याच दिवशी दुसरेही नाचले. वीरेंद्र सेहवाग ९ धावांवर बाद झाला. त्यानेच पुढच्या वर्षी इंदूरला २१९ केल्या. दक्षिण आफ्रिकेचा सगळा संघ २४८ धावांत आटोपला, त्यात एकट्या ए. बी. डिव्हिलियर्सच्या नाबाद ११४. दोन्ही संघांच्या मिळून ६४९ धावा आणि १३ गडी, म्हणजे गड्यामागे ५० धावा. सचिनच्या २०० धावा त्याच्या चौपट. मैदान छोटे असल्याचा फायदा मुख्यतः षटकारांना होतो, आणि त्याचे षटकार होते फक्त तीन. पंचवीस चौकारांच्या शंभर, षटकारांच्या अठरा, आणि उरलेल्या ८२ धावा पळून काढलेल्या. वय तेव्हा ३६. अंगणाला त्याचे श्रेय देऊनही नाच उरतोच.

मग त्याच वहीत, त्याच पानावर मी आमचा सकाळचा सामना मांडला. ११९ धावा, १७ गडी. गड्यामागे ७. त्या मुलाच्या २७ धावा. भागाकार केला तर जवळजवळ चौपट. दुपारच्या सामन्यात गड्यामागे ३१ धावा आणि त्या मुलाच्या ५८, म्हणजे दुपटीहूनही कमी.

हे पाहून मी वही मिटली. आमच्या २७ धावा सचिनच्या डावाइतक्या मोठ्या, असे मुळीच म्हणायचे नाही. समोर डेल स्टेन नव्हता, दुसऱ्या सदनाची मुले होती. एका सामन्यावरून सगळे ठरवूही नये, कारण नशिबाचा वाटा त्यात मोठा असतो. ५८ धावा काढणाऱ्या मुलाचा यात काही दोष नाही. तो चांगलाच खेळला आणि संघात त्याची जागा योग्यच होती. पण २७ वाल्याला वगळण्याचे जे कारण आम्ही दिले, ते चुकीचे होते. धावा कमी म्हणून वगळले, आणि त्या धावा कशात काढल्या ते कोणी पाहिलेच नाही.

रूपसिंग यांचेच उदाहरण घ्या, ज्यांच्या नावाने ते स्टेडियम आहे. ध्यानचंद यांचे हे धाकटे बंधू आपल्या ग्वाल्हेरलाच राहिले. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला हॉकीत २४-१ असे हरवले आणि त्यात एकट्या रूपसिंगांचे दहा गोल. आकडा थक्क करणारा आहे. पण त्या स्पर्धेत हॉकीचे संघ फक्त तीनच होते आणि अमेरिकेचा संघ नवखा होता, हेही सांगायला हवे. ते सांगितल्याने रूपसिंग लहान होत नाहीत. आकडा नीट वाचणे म्हणजे कोणाला कमी लेखणे नव्हे. आकडा जिथून आला ती जागा दाखवणे.

आता आपल्या शाळेच्या मैदानाकडे येते. आम्ही पावलांनी मोजले. समोरची भिंत ५२ पावलांवर, लेगची बाजू व्हरांड्यामुळे अवघी ३८ पावले, आणि ऑफची बाजू कडुलिंबापर्यंत ६० च्या वर. म्हणजे आमचे घरचे फेनवे पार्कच. परिणाम असा, की आमची मुले लहानपणापासून सगळे चेंडू लेगला ओढायला शिकतात, कारण तिकडे फुकटचे चौकार आहेत. दुसऱ्या शाळेच्या मोठ्या मैदानावर गेले, की तेच फटके झेल होतात. पालक म्हणतात, "घरी शेर, बाहेर ढेर." मुलांना बोलण्याआधी आपण त्यांना कसले अंगण दिले ते पाहिले पाहिजे.

म्हणून तीन गोष्टी ठरवल्या आहेत. पहिली, या वर्षीपासून स्कोअरवहीत प्रत्येक सामन्याच्या डोक्यावर तारीख, वेळ, तापमान, कोहरा किंवा दव, आणि दोन्ही बाजूंच्या सीमारेषेचे अंतर लिहायचे. तापमापक प्रयोगशाळेतून मिळेल. हे काम नववीच्या मुला-मुलींचे. दुसरी, निवड करताना धावांबरोबर त्या सामन्याची गड्यामागची सरासरी शेजारी मांडायची, आणि कोणालाही एका डावावरून न वगळता निदान तीन डाव द्यायचे, त्यातला एक सकाळचा आणि एक दुपारचा. तिसरी, जानेवारीत साडेदहाच्या आत सामना सुरू करायचा नाही. ही अक्कल आधी यायला हवी होती.

विश्वस्त मंडळींना एक नम्र विनंती. दुचाकींसाठी शेड हवी, हे मलाही मान्य आहे. गेटवरची गर्दी मी रोज पाहते. पण ती व्हरांड्याच्या बाजूला टाकली, तर ३८ पावले ३० वर येतील आणि ती बाजू खेळाच्या कामाची राहणार नाही. ऑफच्या बाजूला कडुलिंबापलीकडे जागा आहे. तिथे शेड झाली तर दोन्ही बाजूंचा फरक थोडा कमीच होईल. खर्च तोच, फक्त चार पावले जास्त चालावे लागेल. पुढच्या बैठकीत हा नकाशा मी मांडणार आहे.

पालकांनाही सांगावेसे वाटते. मुलगा कमी धावांवर बाद होऊन घरी आला, तर "किती काढल्या?" याच्या पाठोपाठ "बाकीच्यांनी किती काढल्या? हवा कशी होती?" हेही विचारा. त्यात सबब शोधू नका. सबब आणि कारण यांत फरक आहे. सबब सांगणारा मोजायला तयार नसतो. कारण सांगणारा वही उघडून दाखवतो. परीक्षेच्या निकालालाही हे लागू पडते, पण तो विषय निराळ्या लेखाचा.

२०१० नंतर आपल्या गावाला पुन्हा आंतरराष्ट्रीय सामन्यासाठी बरीच वर्षे थांबावे लागले. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी शंकरपूरच्या नव्या श्रीमंत माधवराव सिंधिया स्टेडियमवर भारत-बांगलादेश ट्वेंटी-ट्वेंटी सामना झाला. बांगलादेश १२७ धावांत बाद झाला आणि भारताने बारा षटकांच्या आतच सामना जिंकला. गाव तेच, पण मैदान नवे, वेळ रात्रीची, खेळ वीस षटकांचा. आमची बरीच मुले तो सामना पाहायला गेली होती. त्यांतला एक तो नववीचा मुलगाही असावा.

तो आता दहावीत आहे. या वर्षीच्या निवड चाचणीला तो आलाच नाही. मी वर्गावर जाऊन त्याला विचारले, तर म्हणाला, "मॅडम, बोर्डाचा अभ्यास आहे." असेलही. मी त्याला माझी वही दाखवली. ११९, १७, ७, २७. त्याने भागाकार मनातल्या मनात केला आणि मान खाली घातली. "तेव्हा सांगायला हवे होते मॅडम," एवढेच म्हणाला.

तेव्हा सांगता आले नाही, म्हणून आता इथे लिहिते आहे. यादीवर सही माझी होती, तशी चूकही माझीच. म्हण खोटी नाही. ज्याला नाचता येत नाही तो अंगणाला दोष देतोच. पण अंगण झाडणारे, सारवणारे आणि त्याची हद्द आखणारे आपण मोठे लोक आहोत. ते वाकडे आहे का, हे पाहणे नाचणाऱ्याचे काम नाही. ते आपले काम आहे.

चाचणीची दुसरी फेरी पुढच्या शनिवारी, सकाळी अकरा वाजता आहे. त्याचे नाव मी यादीत ठेवले आहे. त्याच्या आजींनाही निरोप दिला आहे.

आपली,
मुख्याध्यापिका